बूट भरलाय म्हणजे काय? लिनक्समधली जुनी कर्नल ठेवावी की काढावी

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे व्यवस्थित चालणारे कितीतरी कंप्युटर एका रात्रीत जुने ठरले. कोथरूड-कर्वेनगर भागातल्या माझ्या ओळखीच्या बऱ्याच घरांनी तेव्हा विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सची वाट धरली. आता त्या घरांतून फोन येतात. प्रश्न बहुतेक वेळा तोच असतो: अपडेट मॅनेजर सारखं कर्नलचं काहीतरी आणतो, ते घ्यायचं का? आणि आधीची जी साठत चालली आहेत, त्यांचं काय करायचं?

शेजारच्या सोसायटीतल्या एक काकू निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांच्या डेस्कटॉपवर तीन-चार वर्षांपूर्वी मीच लिनक्स मिंट (लिनक्सचा एक प्रकार) चढवून दिलं होतं. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. "अरे, हा म्हणतोय बूट भरलाय. म्हणजे काय रे?" मी म्हटलं, उद्या येतो, तोवर बंद करून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मशीन सुरू केलं तर काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं भराभर वर सरकली आणि ‘कर्नल पॅनिक’ या शब्दांवर येऊन थांबली. त्या घाबरल्या. मी पोचायच्या आत त्यांनी एका दुरुस्तीवाल्याला फोनवर विचारलं, आणि त्याने सांगितलं की फॉरमॅट मारावं लागेल. त्या डिस्कवर अकरा वर्षांचे फोटो होते.

मी गेलो, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, सुरू होताना एस्केप बटण दाबलं आणि आलेल्या यादीतून एक जुनं कर्नल निवडलं. मिनिटभरात त्यांचा नेहमीचा डेस्कटॉप समोर आला, फोटोंसकट. त्या मिनिटभरात काय घडलं ते नीट कळलं, तर फॉरमॅटच्या सल्ल्याला ‘थांबा’ म्हणण्याइतकं बळ कुणालाही येईल. म्हणून हा लेख.

## कर्नल म्हणजे नेमकं कोण?

कर्नल या शब्दाचा अर्थ गर किंवा गाभा. लष्करातल्या कर्नलशी त्याचा संबंध नाही.

पेठेतल्या जुन्या वाड्यात राहिलेल्यांना हे चटकन समजेल. वाड्यात दहा-पंधरा बिऱ्हाडं, पण नळ एक, जिना एक, अंगण एक. पाणी कुणी किती वेळ भरायचं, अंगणात वाळवण कुणी कधी घालायचं, यावर कुणाचं तरी नियंत्रण नसेल तर रोज भांडणं. म्हणून एक कारभारी असायचा. कंप्युटरमधली बिऱ्हाडं म्हणजे ब्राउझर, फोटो बघायचा प्रोग्रॅम, मराठी टायपिंगची सोय. नळ-जिना-अंगण म्हणजे प्रोसेसर, मेमरी, डिस्क, वायफाय. यांतल्या कशालाही बिऱ्हाडाने परस्पर हात लावायचा नाही, कारभाऱ्यामार्फत मागायचं. तो कारभारी म्हणजे कर्नल.

लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली या कारभाऱ्याची पहिली आवृत्ती लिहिली. योगायोग असा की त्याच वर्षी आपल्या पुण्यात सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक तयार केला. तेव्हा या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. आज मात्र जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक यंत्रराज लिनक्स कर्नलवर चालतो, आणि हे नोव्हेंबर २०१७ पासून सतत तसंच आहे. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तेच आहे. काकूंच्या टेबलावरच्या डेस्कटॉपमध्ये आणि महासंगणकात एकाच घराण्याचा कारभारी काम करतो. त्याच्यात सापडलेली चूक एकट्या काकूंची नसते, आणि तिची दुरुस्तीही सगळ्या जगासाठी होते. अपडेट इतकी का येतात, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

## देवडीत काय काय ठेवलेलं असतं?

वाड्याच्या मोठ्या दरवाजातून आत शिरलं की बाजूला पहाऱ्यासाठी लहानशी देवडी असायची. लिनक्समध्ये अशी एक देवडी आहे. ‘बूट’ नावाचा फोल्डर, लिहिताना ‘/बूट’. बूट होणं म्हणजे कंप्युटर बंद अवस्थेतून जागा होणं. जागं होताना अजून काहीच चालू नसतं, म्हणून कारभारी देवडीत तयार बसलेला लागतो. देवडीच्या तोंडाशी एक छोटा प्रोग्रॅम असतो, ग्रब. आज कोणत्या कारभाऱ्याला आत सोडायचं, एवढंच तो ठरवतो.

एका कर्नलचं सामान तीन ठिकाणी विभागलेलं असतं. पहिला स्वतः कारभारी, ‘व्हीएमलिनझ’ नावाची दाबून बसवलेली फाइल, साधारण १५ एमबीची. दुसरी त्याची पिशवी, ‘इनिटआरडी’. आतली मोठी डिस्क उघडायला लागणाऱ्या किल्ल्या आणि हत्यारं या पिशवीत असतात. डिस्कला पासवर्ड असेल तर तो विचारण्याची सोयही तिच्यातच. ही पिशवी बरीच जड असते. काकूंच्या मशीनवर एकेक पिशवी ८० एमबीच्या आसपास होती. एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड असलं की ती आणखी फुगते. तिसरं सामान म्हणजे आत, मुख्य डिस्कवर ठेवलेलं कोठार: वायफाय, वेबकॅम, ब्लूटूथ अशा शेकडो उपकरणांचे ड्रायव्हर, म्हणजे ती उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्रॅम. ते देवडीत मावतच नाही, म्हणून आत ठेवतात.

प्रत्येक नवं कर्नल हे सगळं सामान स्वतःचं, वेगळं घेऊन येतं. जुन्याच्या सामानाला ते हात लावत नाही. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. मोबाइलवरचं ॲप अपडेट झालं की जुनं जातं आणि त्याच्या जागी नवं बसतं. मिंट आणि उबुंटू (लिनक्सचा आणखी एक प्रकार) यांच्यावर कर्नलचं तसं होत नाही. नवा कारभारी येऊन बसतो, जुना देवडीतच राहतो.

आता काकूंचा ‘बूट भरलाय’ उलगडतो. त्यांची डिस्क पासवर्डने कुलूपबंद केलेली होती. कुलूपबंद डिस्कमध्ये देवडी बाहेर वेगळी काढावी लागते, आणि त्यांच्या वेळच्या इन्स्टॉलरने तिला ७०० एमबीच्या आसपास जागा दिली होती. एकेका कारभाऱ्याला पिशवीसकट शंभरेक एमबी लागतात. सहा बसले. सातवा कसाबसा आत शिरला, पण त्याची पिशवी भरायला जागा उरली नाही. पुढच्या वेळी ग्रबने नियमाप्रमाणे सर्वांत नवा म्हणून त्यालाच पुढे केलं, आणि त्याच्याकडे आतली डिस्क उघडायची किल्लीच नव्हती. कर्नल पॅनिकचा त्या दिवशीचा अर्थ एवढाच होता. मागे बसलेल्या सहांपैकी पाचव्या-सहाव्याला पुढे बोलावलं आणि काम झालं.

ज्यांची डिस्क कुलूपबंद नाही त्यांची देवडी बहुतेक वेळा मुख्य डिस्कचाच भाग असते. तिथे लगेच अडत नाही, पण कोठारासकट एकेक कर्नल काहीशे एमबी खातं. १२० जीबीची एसएसडी बसवलेल्या जुन्या लॅपटॉपवर ते जाणवतं.

## नावातले आकडे वाचायचे कसे?

टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून ‘यूनेम -आर’ ही आज्ञा दिली की सध्या कोणता कारभारी कामावर आहे ते कळतं. (इथे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना लहान इंग्रजी अक्षरं वापरायची.) उत्तर साधारण असं येतं: ६.८.०-७१-जेनेरिक. यातला ६.८ म्हणजे मूळ कर्नलची पिढी. ७१ हा उबुंटूने लावलेला दुरुस्तीचा क्रमांक. मिंट उबुंटूवरच उभं असल्यामुळे तिथेही तोच दिसतो. जेनेरिक म्हणजे सर्वसाधारण वापराचं. एकाच पिढीत ७१ च्या जागी पुढचा आकडा आला तर ती दुरुस्ती. ६.८ चं ६.१४ झालं तर पिढी बदलली. दशांश अपूर्णांक समजून गोंधळू नका: ६.१४ हे ६.८ पेक्षा नवं आहे, कारण टिंबानंतरचा आकडा चौदा असा वाचायचा.

पिढी बदलताना जास्त लक्ष द्यायचं. दुरुस्ती बहुतेक वेळा डोळे मिटून घेता येते.

## सारखी अपडेट का येतात?

मूळ कर्नलची नवी पिढी दर नऊ-दहा आठवड्यांनी निघते, आणि चालू पिढ्यांच्या दुरुस्त्या जवळजवळ दर आठवड्याला. उबुंटूवाले त्यांतलं निवडून, तपासून काही आठवड्यांच्या अंतराने आपल्यापर्यंत पोचवतात. लिनक्स कर्नलमध्ये तीन कोटींहून जास्त ओळींचा कोड आहे. इतक्या मोठ्या लिखाणात चुका निघणारच.

त्यांतल्या काही चुका कशा असतात ते पाहू. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘डर्टी काऊ’ नावाची चूक दुरुस्त झाली. साध्या प्रोग्रॅमला संपूर्ण मशीनचा ताबा मिळवून देणारी ही फट २००७ पासून, म्हणजे नऊ वर्षं, उघडी होती. जगभरच्या सर्व्हरवर, फोनवर, घरगुती कंप्युटरवर. दुसरी ‘डर्टी पाइप’. मॅक्स केलरमान हा प्रोग्रॅमर एका ग्राहकाच्या तक्रारीचा माग काढत होता: उतरवून घेतलेल्या लॉग फाइल (सर्व्हरवरच्या नोंदींच्या फाइल) अधूनमधून खराब निघतात. महिनोन्‌महिने शोध घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं की दोष त्याच्या प्रोग्रॅममध्ये नाही, कर्नलमध्येच आहे. ज्या फाइलला फक्त वाचायची परवानगी आहे तिच्यातही या फटीतून लिहिता येत होतं. दुरुस्ती फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार झाली, ७ मार्चला ही गोष्ट जाहीर झाली. वाड्याच्या भाषेत सांगायचं तर एका बिऱ्हाडकरूला दुसऱ्याच्या कुलपातल्या ट्रंकेत हात घालता येत होता आणि कारभाऱ्याला पत्ताच नव्हता.

डर्टी पाइपबद्दल एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. ही चूक ५.८ या पिढीत, म्हणजे २०२० साली, शिरली. त्याआधीच्या पिढ्यांना ती नव्हतीच. तेव्हा जुनं म्हणजे धोक्याचं आणि नवं म्हणजे सुरक्षित, इतकं सरळ गणित नाही. सुरक्षित कर्नल तेच ज्याच्या दुरुस्त्या कुणीतरी अजून करतंय आणि ज्या तुमच्यापर्यंत पोचतायत. ६.८ ही पिढी मूळ कर्नलवाल्यांनी कधीच मागे टाकली आहे, पण उबुंटू २४.०४ साठी उबुंटू बनवणारी कॅनोनिकल कंपनी तिच्या दुरुस्त्या करत राहते. मिंट २२ त्यावरच उभं आहे आणि त्याला २०२९ पर्यंत आधार आहे. तुमच्या जुन्या डेस्कटॉपवर ६.८ नीट चालत असेल, तर केवळ आकडा मोठा म्हणून पुढच्या पिढीवर उडी मारायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. लॅपटॉप अगदी नवा असेल आणि त्याचं वायफाय किंवा टचपॅड ओळखलं जात नसेल, तर नव्या पिढीचा खरा उपयोग होतो.

अपडेटसोबत येणारी धोक्यांची लांबलचक यादी पाहूनही काही जण धास्तावतात. फेब्रुवारी २०२४ पासून चुकांना अधिकृत क्रमांक देण्याचं काम कर्नलची टीम स्वतः करते आणि ती अगदी बारीकसारीक चुकांनाही क्रमांक देते. यादी वाढण्यामागे हेही कारण आहे.

## मग जुनं लगेच काढून का टाकत नाहीत?

कारण नवं कर्नल तुमच्या मशीनवर चालेलच याची हमी घरबसल्या कुणीच देऊ शकत नाही.

माझ्या एका मित्राचा जुना लॅपटॉप वायफायसाठी यूएसबीचं छोटं डाँगल वापरतो. त्या डाँगलचा ड्रायव्हर कर्नलसोबत येत नाही, तो बाहेरून आणून बसवलाय. असा बाहेरचा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने शिवावा लागतो, जसं नव्या मापाचं कापड. हे शिवणकाम ‘डीकेएमएस’ नावाची सोय आपोआप करते. पण नव्या पिढीत अंतर्गत रचना थोडी बदलली असेल तर शिवण जमत नाही, आणि मशीन सुरू झाल्यावर वायफाय गायब. आता दुरुस्ती शोधायलाही इंटरनेट नाही! त्याने जुनं कर्नल निवडून मशीन सुरू केलं, वायफाय परत आलं, ड्रायव्हरची नवी आवृत्ती उतरवली आणि काम पुढे गेलं. एनव्हिडियाचे ड्रायव्हर आणि व्हर्च्युअलबॉक्स (कंप्युटरच्या आत दुसरा कंप्युटर चालवणारा प्रोग्रॅम) यांच्याबाबतीतही हेच होतं.

दुसरं कारण विजेचं. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, हे पुणेकरांच्या अंगवळणी पडलेलं आहे. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि नव्या कारभाऱ्याची पिशवी भरता भरता लाइट गेली, तर पिशवी अर्धवट राहते. जुन्याच्या पिशवीला तेव्हा कुणी हात लावलेला नसतो, म्हणून तो शाबूत असतो. जुन्याने मशीन सुरू करायचं, टर्मिनलमध्ये ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ही आज्ञा द्यायची, म्हणजे अर्धवट राहिलेलं काम पुरं होतं. ज्या दिवशी वीज जाणार हे माहीत आहे, त्या दिवशी कर्नल अपडेट करू नये हे तर आलंच.

जुनं निवडायचं कसं, हे आत्ताच एकदा करून पाहा, अडचण यायच्या आधी. मशीन चालू होताना साधारण नव्या मशीनवर एस्केप, खूप जुन्यावर शिफ्ट दाबून धरायचं. ग्रबची यादी येते. तिच्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ अशी ओळ असते, तिच्या आत सगळी कर्नल ओळीने मांडलेली. प्रत्येकाखाली ‘रिकव्हरी मोड’ असाही पर्याय दिसेल, तो नको. साधं नाव असलेली ओळ निवडायची. ही निवड त्या एका वेळेपुरतीच असते. पुढच्या वेळी ग्रब पुन्हा सर्वांत नव्यालाच बोलावतो.

## किती ठेवायची?

दोन. सध्या चालू असलेलं आणि त्याच्या आधीचं, जे तुमच्या मशीनवर चालतं हे तुम्हाला स्वतःला माहीत आहे असं. आधीचं दुसऱ्या पिढीचं असेल तर आणखी उत्तम, कारण मग दोघांत एकच चूक असण्याची शक्यता कमी. तीन झाली तरी हरकत नाही. सहाव्या-सातव्याचा काही उपयोग नाही.

उबुंटू आणि मिंटमधली एपीटी ही प्रोग्रॅम आणण्या-काढण्याची यंत्रणाही असाच विचार करते. सफाई करताना चालू असलेलं, सर्वांत नवं आणि त्याच्या आधीचं कर्नल ती सोडून देते. फेडोरा हा लिनक्सचा दुसरा प्रकार मुळातच तीनपेक्षा जास्त साठू देत नाही. आर्च या आणखी एका प्रकारात मात्र नवं जुन्याच्या जागी बसतं, तिथे आधारासाठी दीर्घकाळ सांभाळलं जाणारं ‘लिनक्स-एलटीएस’ कर्नल वेगळं घेऊन ठेवायचं.

## काढायचं कसं?

सर्वांत आधी मशीन रीस्टार्ट करा. हे पाऊल बहुतेक जण गाळतात. नवं कर्नल आलं तरी रीस्टार्ट होईपर्यंत कामावर जुनंच असतं. झाकण मिटवून लॅपटॉप झोपवणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. मी असे लॅपटॉप पाहिलेत ज्यांच्यात चार नवी कर्नल येऊन बसली होती आणि काम दोन महिन्यांपूर्वीचंच करत होतं. अपडेट घेतल्याचं समाधान मिळालं, संरक्षण मिळालंच नाही. रीस्टार्टनंतर दोन-तीन दिवस नेहमीसारखं वापरा. आवाज, वायफाय, प्रिंटर, झोपून उठणं, सगळं तपासलं जाऊ द्या. मग आवरायला घ्या.

मिंटमध्ये अपडेट मॅनेजर उघडा, ‘व्ह्यू’ मेन्यूत ‘लिनक्स कर्नल्स’ निवडा. एक सूचना येते, ती वाचून पुढे जा. डावीकडे पिढ्या, उजवीकडे त्यांतल्या आवृत्त्या. चालू असलेल्यापुढे ‘ॲक्टिव्ह’ लिहिलेलं असतं. नको असलेल्या जुन्यावर क्लिक केलं की ‘रिमूव्ह’ दिसतं. चालू असलेलं इथून काढता येत नाही, तेव्हा हात थरथरायचं कारण नाही.

टर्मिनलची भीती नसेल तर ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज’ ही एक आज्ञा बहुतेक वेळा पुरते. काढण्याआधी ती यादी दाखवून विचारते. ती यादी वाचा, ‘वाय’ दाबायची घाई करू नका. यादीत ‘लिनक्स-जेनेरिक’ किंवा ‘लिनक्स-इमेज-जेनेरिक’ असं आकडा नसलेलं नाव दिसलं तर थांबा, नकार द्या. हे नाव म्हणजे कर्नल नव्हे, नव्या कर्नलचा रतीब आहे. तो बंद झाला तर मशीन पुढेही व्यवस्थित चालतं, कुठे काही तक्रार येत नाही, फक्त नवं कर्नल येणं थांबतं, आणि वर्षभर कुणाच्या लक्षातही येत नाही.

एखादं कर्नल तुम्ही स्वतः नाव घेऊन बसवलं असेल तर ही सफाई त्याला हात लावत नाही, कारण ते मुद्दाम आणलंय असं यंत्रणा धरून चालते. ते मिंटच्या खिडकीतून वेगळं काढा.

काढून झाल्यावर ‘डीपीकेजी --लिस्ट’ ने यादी पाहिली तर काही जुन्या नावांपुढे ‘आरसी’ अक्षरं दिसतील. ती कर्नल गेलेली आहेत, त्यांचे थोडेसे सेटिंगचे कागद उरलेत. ज्यांच्यापुढे ‘आयआय’ आहे तीच खरोखर बसलेली.

एक गोष्ट कधीही करू नका: फाइल मॅनेजरने /बूट उघडून हाताने फाइल पुसणं. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ती केली होती. जागा झाली असं वाटलं. पण पॅकेज यंत्रणेच्या वहीत ते कर्नल बसलेलंच होतं, आणि पुढच्या अपडेटला न सापडणाऱ्या फाइलींवरून एकेक पॅकेज अडत गेलं. ते निस्तरायला सबंध रविवार गेला. कारभाऱ्याला निरोप द्यायचा तर वहीत नोंद करूनच.

## देवडी गच्च भरूनच गेली असेल तर?

काकूंच्या मशीनवर हीच अवस्था होती. ‘डीएफ -एच /बूट’ ने पाहिलं तर वापर १०० टक्के. अशा वेळी एपीटी म्हणतं, आधी अर्धवट राहिलेलं सातवं पूर्ण करू दे; आणि ते पूर्ण करायला जागा नाही. एकाच गाठीची दोन टोकं. मी आधी ऑटोरिमूव्ह देऊन पाहिलं, ते याच गाठीत अडकलं. मग सर्वांत जुन्या कर्नलचं पूर्ण नाव देऊन ‘सुडो डीपीकेजी --पर्ज’ केलं. डीपीकेजी ही एपीटीच्या खालची पायरी. ती बाकीच्या अर्धवट कामांत न पडता सांगितलेलं एकच काम करते. नाव देण्याआधी ‘यूनेम -आर’ चं उत्तर कागदावर लिहून घेतलं, चुकून चालू असलेल्याचं नाव टाइप होऊ नये म्हणून. एक गेलं, शंभरेक एमबी मोकळे झाले. मग ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. सातव्याची पिशवी भरली गेली, एपीटी मोकळं झालं, ऑटोरिमूव्हने बाकीची आवरली. रीस्टार्ट केल्यावर सातवं स्वतःच्या पायावर उभं राहिलं. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं.

## "काढल्यावर माझे फोटो जाणार नाहीत ना?"

नाही. तुमचे फोटो, कागदपत्रं, ब्राउझरमधल्या खुणा हे सगळं ‘होम’ फोल्डरमध्ये असतं. कारभारी बदलला म्हणून बिऱ्हाडकरूंच्या ट्रंका कुणी बाहेर काढत नाही. प्रोग्रॅमही पुन्हा बसवावे लागत नाहीत. नव्या कर्नलने जुने प्रोग्रॅम बंद पाडायचे नाहीत, हा टोरवाल्ड्सचा दंडक आहे आणि तो त्याबाबत कडक आहे. फोटोंची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवायची ती डिस्क कधीतरी मरते म्हणून. ती प्रत मात्र ठेवाच.

## "काढली तर मशीन वेगात चालेल का?"

नाही. पडून असलेली कर्नल मेमरी खात नाहीत, प्रोसेसर वापरत नाहीत, फक्त जागा अडवतात. वेगासाठी कुणी सफाई सुचवत असेल तर तो वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलतोय.

## "चाललंय ना सगळं, मग अपडेट घ्यायचंच कशाला?"

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि विचारणारे बहुतेक आयुष्यभर वस्तू नीट सांभाळलेले लोक असतात. त्यांचं म्हणणं मला मनापासून समजतं. पण डर्टी काऊची नऊ वर्षं आठवा. चूक होती तेव्हाही सगळं चालतच होतं. ती जाहीर झाल्यावर मात्र कुलूप कसं उघडायचं हे सगळ्या जगाला कळतं, आणि अपडेट न घेतलेलं मशीन त्याच कुलपावर बसलेलं असतं. त्याच मशीनवर तुम्ही बँकेचा व्यवहार करता, आधारची प्रत ठेवता. घरच्या मशीनला धोका सर्व्हरपेक्षा कमी, हे खरं आहे, कारण अशा बऱ्याच चुकांचा फायदा घ्यायला आधी मशीनवर काहीतरी चालवावं लागतं. पण आलेली जोडपत्रं उघडणाऱ्या, कुणी पाठवलेला प्रोग्रॅम चालवणाऱ्या माणसाच्या घरी ते ‘काहीतरी’ आत यायला वेळ लागत नाही.

## "हे सगळं दर महिन्याला बघत बसायचं?"

गरज नाही. उबुंटूमध्ये सुरक्षेची अपडेट आपोआप येतात आणि बिनकामाची जुनी कर्नलही त्यांच्याबरोबर निघून जातात. मिंटमध्ये ही सोय आपण चालू करायची असते: अपडेट मॅनेजर, ‘एडिट’, ‘प्रेफरन्सेस’, तिथे ‘ऑटोमेशन’ आणि त्यात जुनी कर्नल काढण्याचा पर्याय. काकूंच्या मशीनवर मी तो त्याच दिवशी चालू केला. मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठीही चिकटवली. तिच्यावर तेव्हाच्या दोन्ही कर्नलचे आकडे आहेत, त्यांच्या अक्षरात ‘प्रिंटर चालतो’ अशी नोंद आहे, आणि खाली लिहिलंय: काळा पडदा आला तर एस्केप, मग ॲडव्हान्स्ड, मग वरून दुसरं नाव, रिकव्हरी नसलेलं.